पँटोप्राझोल-डॉमपेरिडॉनची कॅप्सूल बंद करावी का? (आई, वय ६४, स्टेंट बसवलेला आहे)

मृण्मयी_क

नमस्कार. आईचं वय ६४. आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. चालू औषधं: अ‍ॅस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ दुपारच्या जेवणानंतर, मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, रात्री कोलेस्टेरॉलची गोळी आणि पित्ताची कॅप्सूल (पँटोप्राझोल ४० + डॉमपेरिडॉन ३०). आई पूर्ण शाकाहारी आहे.

सकाळी सहाला थायरॉक्सिन आणि ही कॅप्सूल एकाच घोटाबरोबर घेते, दहा मिनिटांत चहा-बिस्किट, नाश्ता थेट साडेनऊ-दहाला. रात्रीचं जेवण साडेनऊला आणि साडेदहाला झोप.

नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘पित्ताच्या गोळ्यांनी किडनी जाते’ असा मेसेज फिरला आणि तिने या आठवड्यात कॅप्सूल परस्पर बंद केली. आता जळजळ आधीपेक्षा जास्त आहे, रात्री घशाशी आंबट पाणी येतं. याचा अर्थ गोळीची सवय लागली होती का? बंदच ठेवावी की पुन्हा सुरू करावी? आणि ती घ्यायची नेमकी वेळ कोणती?

गॅस्ट्रो_पुणे

मृण्मयी, आजच हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन करून कॅप्सूल बंद केल्याचं सांगा. जळजळीपेक्षा मोठं कारण आहे. तुमच्या आईंना ही गोळी मुख्यतः पित्तासाठी दिलेली नसावी. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असताना जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून ती दिली जाते.

अ‍ॅस्पिरिनमुळे जठराच्या आतल्या थराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन कमी होतात, त्यामुळे तिथे व्रण पडायला वाव मिळतो. क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही, त्यामुळे पडलेला छोटासा व्रणही वाहत राहतो. पँटोप्राझोल आम्ल कमी करून व्रणच होऊ देत नाही. वय साठीच्या पुढे आणि दोन्ही गोळ्या सोबत, अशा रुग्णात या संरक्षणाचं पारडं जड असतं. दोनांपैकी एक गोळी कधी थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील, तेव्हा पँटोप्राझोलचाही फेरविचार होईल. तोवर ती चालू राहायला हवी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जळजळ वाढली म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घरच्या घरी कधीही थांबवू नका. स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येण्याचा धोका असतो. पित्ताचा त्रास ‘रक्त पातळ करणाऱ्या’ गोळ्यांच्या माथी मारून त्या बंद करणारे बरेच असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता किडनीचं. मेसेज पूर्ण खोटा नाही, पण त्याने घाबरवलंय जास्त. या गटातल्या औषधांनी क्वचित किडनीला अ‍ॅलर्जीसारखी सूज येते. ताप, अंगावर पुरळ, मळमळ, विनाकारण थकवा, लघवी कमी होणं, असं काही दिसलं तर क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासायचं आणि गोळी थांबवायची. दीर्घकालीन किडनीविकाराशी जोडलेला संबंध निरीक्षणात्मक अभ्यासांतून आला आहे. तिथे गोळी घेणारे लोक मुळातच जास्त आजारी असतात, त्यामुळे गोळीने झालं की आजाराने, हे वेगळं काढता येत नाही. उलट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कंपास चाचणीत हृदयरोग किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या १७ हजारांहून अधिक रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं विभागून सुमारे तीन वर्षं पँटोप्राझोल ४० किंवा बिनऔषधी गोळी दिली होती. किडनीविकार, हाड मोडणं, न्यूमोनिया, स्मृतिभ्रंश यांत ठळक फरक दिसला नाही. आतड्यांचे जंतुसंसर्ग मात्र थोडे जास्त झाले, १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. तुमच्या आईंशी इतका जुळणारा अभ्यास असताना फॉरवर्डवर विसंबायचं कारण नाही. वर्षातून एकदा क्रिएटिनिन पाहा. मधुमेहामुळे ते तसंही करायचंच असतं.

त्या कॅप्सूलमधल्या ज्या भागाबद्दल प्रश्न विचारायला हवा तो दुसराच: डॉमपेरिडॉन ३०. ते उलटी-मळमळीचं औषध आहे. हृदयाच्या ठोक्यांमधल्या विद्युत्चक्राचा एक टप्पा त्याने लांबतो आणि क्वचित जीवघेणी अनियमितता येते. साठीपुढचं वय, हृदयविकार, रक्तात पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असणं, यांनी तो धोका वाढतो. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये प्रौढांसाठी मर्यादा घातली ती अशी: एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, साधारण एका आठवड्याहून जास्त नाही, आणि हृदयाचा मूळ आजार असलेल्यांना द्यायचंच नाही. स्टेंट असलेल्या बाईंनी ते महिनोन्‌महिने घेण्याचं कारण मला दिसत नाही. त्यातच सर्दी-खोकल्यासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीसाठी फ्लुकोनाझोल दिलं, तर डॉमपेरिडॉनची रक्तातली पातळी आणखी चढते. डॉक्टरांना थेट विचारा: ‘नुसतं पँटोप्राझोल ४० चालेल का?’

फार्मासिस्ट_सातारा

डॉक्टरांनी लिहिलं त्याला जोड म्हणून दुकानाच्या काउंटरवरचा एक मुद्दा. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर पित्ताच्या कुठल्याही गोळीऐवजी कुठलीही गोळी चालत नाही. क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. यकृतातल्या सीवायपी२सी१९ या विकराने (एन्झाइमने) ते सक्रिय होतं. ओमेप्राझोल आणि एसओमेप्राझोल नेमकं तेच विकर अडवून ठेवतात, त्यामुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो. पँटोप्राझोलमुळे हा त्रास फार कमी होतो. म्हणून ‘हे संपलंय, ओमेप्राझोल देऊ का, एकच आहे’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. कंपनी बदलली तरी हरकत नाही, जनऔषधी केंद्रातलं स्वस्त पँटोप्राझोल ४० घेतलं तरी चालेल. पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम मात्र तेच हवेत. नावापुढे ‘डी’, ‘डीएसआर’, ‘एल’, ‘आयटी’ असलं काही असेल तर आत दुसरं औषध मिसळलेलं आहे असं धरा. ‘एल’मध्ये बहुधा लेव्होसल्पिराइड असतं. त्याने वयस्कर माणसात हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहऱ्याची हालचाल कमी होणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात.

आता वेळ. इथेच निम्मे लोक चुकतात, आणि गोळी ‘लागू पडत नाही’ म्हणून दिवसाला एकाच्या दोन घेऊ लागतात.

जठराच्या भिंतीतल्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात. पँटोप्राझोल पोटातलं तयार आम्ल मारत नाही. ते आतड्यात शोषलं जातं, रक्तातून त्या पेशींपर्यंत पोचतं आणि चालू असलेल्या पंपांना कायमचं चिकटून बसतं. पंप बंद असेल तर ते तिथे पकड घेत नाही. रक्तात औषध टिकतं जेमतेम काही तास, त्याचा अर्धा भाग तर तास-दोन तासांतच निघून जातो. म्हणजे औषध रक्तात भरात असताना पंप चालू व्हायला हवेत, आणि पंप मोठ्या संख्येने चालू होतात ते जेवणाने. म्हणून गोळी जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं. जेवणानंतर घेतली तर तिचा बराचसा परिणाम वाया जातो. सकाळी सहाला गोळी आणि दहाला नाश्ता असेल, तर नाश्त्याच्या वेळी औषध बरंचसं संपलेलं असतं. सव्वासहाच्या चहा-बिस्किटाने पंप थोडे जागे होतात, पण तेव्हा गोळी अजून पोचलेलीच नसते.

एकदा चिकटलं की तो पंप मेला. पेशी नवा पंप तयार करीपर्यंत परिणाम टिकतो, म्हणून दिवसातून एक गोळी पुरते. पण पहिल्याच गोळीत सगळे पंप सापडत नाहीत. पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात. जळजळ झाल्यावर लगेच आराम पडावा म्हणून घ्यायचं हे औषध नाही. त्या वेळी अँटासिडचं पातळ औषध उपयोगी पडतं.

गोळी चावायची नाही, तोडायची नाही, कुटून द्यायची नाही. औषध आम्लात नासतं म्हणून त्यावर आतड्यातच विरघळणारं आवरण असतं. गिळता येत नसेल तर दाणेदार कॅप्सूल मिळते का ते विचारून घ्या. ती उघडून दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात घालायचे आणि न चावता लगेच गिळायचे. दुधात भिजत ठेवू नका. दूध आम्लधर्मी नसल्यासारखंच असतं, त्यात दाण्यांचं आवरण आधीच सुटायला लागतं.

अभय_म

याच धाग्यात विचारतो. वडील ५८ वर्षांचे, हृदयविकार नाही, वेदनाशामक गोळ्याही घेत नाहीत. तीन वर्षांपूर्वी अँटिबायोटिकच्या कोर्सबरोबर राबेप्राझोल २० लिहून दिलं होतं. कोर्स संपला, ही गोळी राहिली. गोळी सोडली की चार दिवसांत इतकी जळजळ होते की पुन्हा सुरू करावी लागते. एंडोस्कोपी कधी झालेली नाही.

गॅस्ट्रो_पुणे

अभय, तुमच्या वडिलांचं उत्तर मृण्मयीच्या आईंच्या बरोबर उलटं असण्याची शक्यता आहे, कारण इथे गोळीमागे टिकणारं कारणच दिसत नाही. अँटिबायोटिकसोबत ‘गॅसची गोळी’ लिहायची पद्धत आहे. चिठ्ठीवर पाच दिवसच लिहिलेले असतात, पण दुकानातून ती वर्षानुवर्षं येत राहते.

गोळी सोडल्यावर उसळणारी जळजळ हा मूळ आजारच असतो असं नाही. आम्ल कमी आहे असं पाहून शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं आणि आम्ल तयार करायला लावणाऱ्या पेशींचं बळ वाढत जातं. गोळी बंद झाली की हे सगळं मोकळं सुटतं आणि काही आठवडे आम्ल नेहमीपेक्षा जास्त येतं. मृण्मयी, तुम्ही ‘सवय’ म्हणालात ती हीच. व्यसन नव्हे. अभय, चौथ्या दिवशी पुन्हा गोळी सुरू केली की ते चक्र परत पहिल्यापासून सुरू होतं.

आधी डॉक्टरांकडून एवढं तपासून घ्या: गिळताना अडकतं का, वजन घटतंय का, हिमोग्लोबिन कमी आहे का, वारंवार उलट्या होतात का. यातलं एकही असेल तर गोळी कमी करण्याआधी एंडोस्कोपी. तीन वर्षांत एकदाही झालेली नाही आणि वय ५८ आहे, त्यामुळे लक्षणं नसली तरी हा विषय काढाच. आधी एंडोस्कोपी होऊन अन्ननलिकेला गंभीर जखमा किंवा बॅरेट्स (आम्लामुळे अन्ननलिकेचं आतलं अस्तर बदलणं) निघाली असेल, तर गोळी आयुष्यभरही लागू शकते. अशांनी हा धागा वाचून ती सोडू नये.

काहीच निघालं नाही तर उतरण अशी ठेवता येते: राबेप्राझोल २० वरून १० वर दोन ते चार आठवडे, मग एक दिवसाआड दोन आठवडे, मग बंद. मधल्या काळात जळजळ झाली तर अँटासिड, नाहीतर डॉक्टरांना विचारून फॅमोटिडिन २० रात्री. फॅमोटिडिन रोज घेतलं तर एक-दोन आठवड्यांत त्याचा जोर ओसरू लागतो, म्हणून लागेल तेव्हाच. किडनी कमकुवत असेल तर त्याचा डोस कमी करावा लागतो. बंद केल्यानंतर दोन महिन्यांनीही रोज जळजळ असेल तर ती उसळी नसून खरा आजार आहे असं मानून पुढे जायचं.

आणि घरात जुनं रॅनिटिडिन पडलेलं असेल तर मधल्या काळासाठी ते काढू नका. त्यात एनडीएमए ही कर्करोगकारक मानली जाणारी अशुद्धी सापडल्यामुळे अमेरिकेच्या नियामकाने २०२० मध्ये ते बाजारातून मागे घ्यायला सांगितलं, आणि आपल्याकडे २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळलं गेलं.

आहारतज्ज्ञ_ठाणे

मृण्मयीताई, रात्रीच्या आंबट पाण्यावर गोळीइतकाच उपाय घड्याळात आहे. जेवण आणि आडवं होणं यांत तीन तास हवेत. साडेदहाला झोपायचं तर जेवण साडेसातला. पलंगाचं डोक्याकडचं टोक १५ ते २० सेंटिमीटर उचला, पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली लाकडी ठोकळे किंवा विटा पक्क्या बसवून. दोन उशा घेतल्याने मान वाकते आणि पोटावर दाब येतो, त्याने उलट जास्त वर येतं. डाव्या कुशीवर झोपल्यावर बऱ्याच जणांना आराम पडतो.

मेटफॉर्मिन, शाकाहार आणि आम्ल कमी करणारी गोळी, हे तिन्ही बी १२ कमी करणारे आहेत. अन्नातलं बी १२ प्रथिनांपासून सुटायला आम्ल लागतं. रोज दूध-दही घेऊनही पातळी खाली जाऊ शकते. वर्षातून एकदा तपासा. तळपायांची आग, मुंग्या आल्या तर ‘शुगरमुळे’ म्हणून सोडून देऊ नका. कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या घेत असतील तर त्या जेवणासोबत घ्याव्यात किंवा सायट्रेटचा प्रकार विचारावा, त्याला आम्लाची तितकी गरज लागत नाही. लोहाच्या गोळ्याही कमी शोषल्या जातात.

उपवासाचं: संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवायचं म्हणून गोळीच टाळली, असं घरोघरी होतं. तुमच्या आईंची गोळी संरक्षणासाठी असेल तर उपवासाच्या दिवशीही ती चुकवायची नाही, त्या दिवशीच्या पहिल्या खऱ्या खाण्याआधी अर्धा तास घ्यायची. दिवसभर उपाशी आणि रात्री उशिरा तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी: इतक्या तुपा-तेलाने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि झोपल्यावर सगळं वर येतं. त्याऐवजी वरीचे तांदूळ, ताक, राजगिरा, तेही लवकर. मधुमेह असताना दिवसभर निर्जळी किंवा निराहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मृण्मयी_क

सर्वांचे आभार. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलणं झालं. डॉमपेरिडॉन काढून नुसतं पँटोप्राझोल ४० पुन्हा सुरू करायला सांगितलं आहे. आता अडचण वेळापत्रकाची आहे. थायरॉक्सिनही अनशापोटी आणि ही गोळीही, वर आईला चहासाठी तासभर थांबवत नाही. आणि एखाद दिवस विसरली तर?

फार्मासिस्ट_सातारा

सकाळ थायरॉक्सिनला देऊन टाका. सहाला साध्या पाण्याबरोबर फक्त तीच गोळी, पावणेसात-सातला चहा. चहाआधी निदान अर्धा तास, जमलं तर तास. पँटोप्राझोल संध्याकाळी सातला, जेवण साडेसातला. त्रास रात्रीचा असल्यामुळे ही वेळ त्यांना जास्त सोयीची आहे. वेळ बदलायला हरकत नाही ना, एवढं डॉक्टरांना फोनवर विचारून घ्या. दोन्ही सकाळीच हव्या असतील तर सहाला थायरॉक्सिन, साडेसहाला पँटोप्राझोल, सातनंतर चहा आणि नाश्ता एकत्र. पण मग नाश्ता खरोखर सातला व्हायला हवा, दहाला नाही.

वेळा वेगळ्या केल्या तरी थायरॉक्सिनचं शोषण थोडं घटू शकतं, कारण जठरातलं आम्ल दिवसभरच कमी असतं. पँटोप्राझोल सुरू केल्यावर किंवा बंद केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. अँटासिड आणि थायरॉक्सिन यांत चार तासांचं अंतर ठेवा. फसफसणाऱ्या पुड्या आईंना नकोत, त्यांत सोडियम भरपूर असतं.

विसरल्यास आठवेल तेव्हा पुढच्या जेवणाआधी घ्यायची. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची, दोन एकदम नाहीत.

गॅस्ट्रो_पुणे

दोन गोष्टी राहिल्या. पुढे कधी एच. पायलोरी या जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी सांगितली तर लॅबवाले पँटोप्राझोल दोन आठवडे बंद ठेवायला सांगतील, कारण गोळी चालू असताना जंतू असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो. अभयच्या वडिलांसाठी ते ठीक. मृण्मयी, तुमच्या आईंनी मात्र हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते दोन आठवडेही बंद करायचं नाही. त्या काळात फॅमोटिडिन देता येतं, पण तेही तपासणीच्या आदल्या दिवशी थांबवतात. ठरवणार डॉक्टर.

दुसरं म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, किंवा उभं राहताच चक्कर आणि घाम, यांपैकी काही झालं तर सकाळपर्यंत न थांबता कॅज्युअल्टी. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती चिकट आणि तशा वासाची नसते. तरी शंका असेल तर दाखवूनच घ्या. छातीतली जळजळ चालताना किंवा जिना चढताना वाढत असेल, जबड्यात किंवा हातात जात असेल, तर स्टेंट असलेल्या माणसात आधी ईसीजी. अँटासिड पाजून वाट पाहू नका. औषधांची यादी आणि स्टेंटची तारीख एका कागदावर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा.